हात मिळत नव्हता

रद्दीत आलं ते पान, टांडापेठेत,
किलोमागे चौदा रुपयांच्या ढिगात:
अंधारी खोली, मेज, मेजावर नाणी,
मोजत बसलेले पाच जण
आणि उजवीकडून आत आलेला एक हात.
चारशे वर्षांमागचं, तिकडे इटलीतलं.
खाली नाव असावं; तेवढं उंदरानं नेलं.

ठरवलं, हे आपल्या स्टुडिओत काढायचं.

मखमल बँडवाल्यांकडून आणली.
लाल कोट, सोनेरी गोंडे, तुऱ्याची एक टोपी,
सगळ्या लग्नसराईचा घाम धरून बसलेली.
दाढीसाठी हिरामण पराते,
चष्म्यासाठी त्याचे सासरे,
मधे बँडची दोन पोरं,
टोकाला कवडू नंदनवार.
त्याला म्हटलं, तू वर पाहायचं नाही, नुसतं मोजायचं.
तो म्हणाला, मग भिशीचेच मोजतो ना भाऊ,
तसाही आज हिशेब आहे.

मे महिना, सत्तेचाळीस डिग्री.
कूलर बंद, कारण घोंगडं हलत होतं
(पासपोर्टच्या निळ्या पडद्यावर ठोकलेलं काळं घोंगडं).
शटर हातभर वर.
उन्हाची एक फळी तिरपी आत आली
आणि मेजावर बरोबर बसली.
सगळं जमलं.
हात जमेना.

क्लॅरनेटवाल्या रमजाननं केला,
तो वाहतूक पोलिसाचा झाला.
हिरामणच्या पोरानं केला, तो चौकातल्या पुतळ्याचा.
टायमर लावून मी स्वतः केला,
तो उधारी मागणाऱ्याचा.
"अबे, ह्या हातात जोर नाही," मी ओरडत होतो,
"काहून समजत नाही?
जोर नाही, अन् तरी समोरच्याले उठावं लागते!"

तेवढ्यात शटरखालून वाकून एक बाई आल्या.
पदरात गुंडाळलेला ग्रुप फोटो:
मिलच्या कॅन्टीनसमोर तीन रांगा, सदुसष्ट माणसं,
प्रत्येक चेहरा मुगाच्या दाण्याएवढा.
तीस वर्षं हेच करतो आहे मी.
गर्दीतून एक डोकं कापून काढायचं,
वाढवायचं, शर्टाला कॉलर द्यायची,
मागे आभाळ भरायचं. मग काच. मग हार.
सवयीनं विचारलं, ह्यातले कोण?

त्यांनी हात उचलला.
मनगट सैल, बोट अर्धं वाकलेलं,
फोटोपासून चार बोटं अलीकडे थांबलेलं,
लागलं तर झोपमोड होईल जणू.
"हे."

म्हटलं, बाई, असंच. हलू नका.
फोटो मी हळूच काढून घेतला.
हात तिथंच राहिला, हवेत, उन्हाच्या कडेला.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
मेजावरचे वळले
आणि हिरामणनं, न सांगता,
छातीकडे बोट नेलं: मी?
सासऱ्यांनीही. मी?
रमजान तर चित्रात नव्हताच. त्यानंही.

दाबलं.

कवडूनं वर पाहिलं नाही.

नंतर माठातलं पाणी पीत बाई म्हणाल्या,
"कोणाले बोलावत होते मी?"
रद्दीचं पान दाखवलं. बराच वेळ पाहिलं त्यांनी.
"ह्या पोराले पत्ताच नाही," म्हणाल्या,
आणि मग आपल्या कामावर आल्या:
मिशा नीट याव्यात. आभाळ नको.
"मागं मिलचीच भिंत राहू द्या."

"बत्तीस रुपये कमी येऊन राहिले भाऊ,"
कवडू म्हणाला,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.