उभी चौकट

जुनी फीत चालवण्याआधी भट्टीत भाजावी लागते,
चोपन्न अंशांवर, आठ तास.
हे मला साठीनंतर कळलं.
वाशीला झेरॉक्सच्या दुकानामागे एक मुलगा हे काम करतो.
त्यानं पावतीवर लिहिलं: ‘मीठ, १ नग.’
फिल्मचं नाव लांबलचक होतं. त्याला एवढं पुरलं.

एक्याण्णव साल. करावे गावाबाहेरची आगरं.
बेचाळीस मिनिटं,
जी तीन सभागृहांत मिळून दोनेकशे माणसांनी पाहिली,
निम्म्यांनी डोळे मिटून,
आणि एका समीक्षकानं एकच विशेषण दिलं: संयत.
ते कात्रण मी अजून जपलंय.

आता तिचे मिनिटामिनिटाचे तुकडे करायचेत.
ओजस ऐरोलीहून येतो, लॅपटॉप पोटाशी धरून.
ही फिल्म झाली तेव्हा त्याची आई शाळेत होती.
‘मॅम, पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडायला हवं.’
मी त्याला सांगत नाही
की मिठात पहिले तीन आठवडे काही घडत नाही.
पाणी कोंडीत घेतात,
उन्हाच्या हवाली करतात,
नि बांधावर बसून विड्या ओढतात.

‘आणि उभं हवं. फोन आडवा कोणी करत नाही.’

उभं म्हणजे दोन्हीकडून कापायचं.
एका टोकाला मुकादम, वही उघडून,
दुसऱ्या टोकाला टोपली उतरवणारी बाई,
मधे पांढरं, रिकामं, डोळे दिपवणारं.
चौकट मधोमध ठेवली तर दोघंही जातात.
‘कोणाला ठेवू?’ ओजस विचारतो.
या जमिनीवर हा प्रश्न आधीही विचारला गेलाय,
टेबलावर नकाशा पसरून,
चहा पीत, सभ्य आवाजात.

मग तो शॉट येतो.
गोमीबाय घरत बांधावरून चालते,
डावीकडून उजवीकडे, अठ्ठेचाळीस सेकंद.
कॅमेरा हलत नाही.
त्या न हलण्यावर मी पुढे दोन व्याख्यानं दिली.
खरं सांगायचं तर तिवईचं डोकं
खाऱ्या हवेनं गंजून बसलं होतं.
संयत!

ओजसनं तिच्या मागे चौकट लावलीय.
ती मधोमध राहते, बांध सरकत जातो.
आता ती चालते, चालते
आणि कुठेच पोचत नाही.

सदतिसाव्या सेकंदाला बांधावर एक काठी उमटते:
दिगू मोकलच्या माइकची सावली.
तेव्हा यावरून आम्ही बेलापूरपर्यंत भांडत गेलो होतो.
आडव्यात ती कोपऱ्यात खपून गेली,
या अरुंदात गोमीबायच्या खांद्याएवढी होते.
‘पुसू का? दोन मिनिटांचं काम.’
दिगूला जाऊन नऊ वर्षं झाली.
राहू दे, म्हटलं.

आवाजाचे पट्टे त्यानं वेगळे केले, हेडफोन मला दिले.
वारा. टोपलीची कुरकुर. दिगूचा खोकला.
आणि त्याखाली, चालता चालता, माझ्याकडे न बघता:
‘पोरी, कवर उबी रशील गो? पाय भाजतील.’

बेचाळीस मिनिटांच्या त्या संयत फिल्ममध्ये
या वाक्यावर मी बासरी घातली होती.

बासरी काढली.
वाक्य सुरुवातीला आणलं.
ओजसनं मोजलं: तीन सेकंदांत बरोबर बसतं.

रात्री अकराला, सीवूड्सच्या चौदाव्या मजल्यावर,
भांडी घासून झाल्यावर
मी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते.
खिडकीखाली कुठला बांध होता, आता सांगता येत नाही,
दिवे सगळे सारखेच.
कडेचं जे कापलं ते मला दिसतच राहतं,
मुकादमाची वही, कुणाचा तरी कुत्रा.
क्लिप संपते. आपोआप पुन्हा सुरू होते.
पोरी, कवर उबी रशील गो?
चौथ्यांदा विचारल्यावर
मी स्टूल ओढते.