पोस्पीशिल, मुलगा

काचेच्या पेटीवर चिकटपट्टी: पोस्पीशिल, मुलगा.
खाली वजन, एक हजार आठशे चाळीस.
नावाची जागा कोरी.

आमच्याकडे काही आडनावं म्हणजे चक्क क्रियापदं.
पोस्पीशिल म्हणजे घाई केली.
आधी कुठलंही नाव लावा, वाक्य पुरं होतं.
लिबोरने घाई केली.
(माझा नवरा. बारा नंबरची शालिना चालवतो,
ब्रनोत ट्रामला आम्ही शालिनाच म्हणतो,
आणि रोज दोन मिनिटं उशिरा पोचतो.)
त्याच्या बापाने घाई केली, बापाच्या बापाने केली.
पहिली कुणी केली, कशाची, कुणालाच ठाऊक नाही.
कुठल्याशा एका माणसाची धावपळ
अजून आमच्या दाराच्या पाटीवर.

मी माहेरची लोउदोवा. लोउदा म्हणजे रेंगाळणारा.
लग्नाची नोंद करणारी बाई हसू दाबत म्हणाली,
झेपेल ना हो?
बायकांच्या आडनावाला शेवटी ओवा लागतो
आणि क्रियापद विझतं.
मी नुसती कुणाच्या तरी घाईची.
पण हा मुलगा.
ह्याच्या वाट्याला अख्खं क्रियापद,

आणि ह्याने ते खरं केलं.
सात आठवडे आधी.
पाळणा खोक्यात, भिंतीला रंगाचा पहिलाच हात,
गाडीत बसले तेव्हा माझ्या एकाच पायात मोजा.

नाव ठेवायला बसलो
आणि येईल त्या नावाला नावं ठेवत राहिलो.
वीत. वीत पोस्पीशिल: दार आपटल्यासारखं वाजतं.
ह्यूगो: बुटाची नाडी न बांधता पळालेला.
मिलोश चाललं असतं, पण लिबोरच्या डेपोत तीन आहेत
आणि तिघांशीही त्याचं बोलणं नाही.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेला एक नाव असतं.
हा आला त्या चौकटीत झ्दिस्लावा. बाईचं.
बघ, सासूबाई म्हणाल्या, ती ह्याची वेळ नव्हतीच.

मला लांब नाव हवं होतं.
ह्या आडनावाला मागून धरून ठेवील असं,
बर्फाळ उतारावर पोराची कॉलर धरावी तसं.
बार्तोलोम्येय.
म्हणून बघा. घाईत म्हणताच येत नाही.
मध्यावर जीभ दोनदा टाळ्याला टेकते,
शेवटी तोंड थोडं उघडं राहतं,
आणि मग कुठे, दम खाऊन, पोस्पीशिल.
कॅलेंडरात त्याचा दिवस चोवीस ऑगस्ट.
बाहेर जानेवारी. खिडकीच्या कडेला बर्फाची मळकी रेघ.

शाळेत चिडवतील, लिबोर म्हणाला.
शाळेत, म्हणाला तो.
मी ते दोनदा मनात म्हणून घेतलं.

सासूबाईंनी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं.
इतका वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या.
चष्मा पुसला, वाफ आलेली काचही पुसली, म्हणाल्या,
अगं, भूतकाळ आहे तो. पूर्ण भूतकाळ.
करायची ती घाई करून झाली.
वहीवर लाल शाईने बरोबरची खूण करावी
तसं म्हणाल्या, आणि कॉफी आणायला गेल्या.

फॉर्म लिबोरने भरला.
नावाचं शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं, गेलं तर गेलं.
नर्स ब्लाजेनाने नवी पट्टी लावली, पुरती वाचली,
आणि त्याच श्वासात नाव छाटलं:
चल रे बार्त्या, जेवायला.

पाच मिलिलिटर दूध, नाकातल्या नळीतून.
घड्याळ बघू नका, ती म्हणाली.
मी बघितलं. चाळीस मिनिटं.
एक थेंब नळीत लोंबकळत राहिला,
त्याला कुणी हटकलं नाही.

चारची पाळी लिबोरची होती.
तो हलला नाही.
खाली स्टॉपवरून बारा नंबर सुटली,
दुसऱ्याच कुणाच्या हाती, अगदी वेळेवर.