चारशेवीस

सेलूच्या माणसाकडून गाडी घेतली
तेव्हा मीटरवर एक मरून टिकली चिकटवलेली होती.
मला वाटलं, लेकराचा खेळ.
परभणीत, जिंतूर रोडला, मुनीर मिस्त्रीनं ती नखानं उचलली.
खाली पिवळा दिवा.
कधीचा जळत होता कोण जाणे.

मशीन लावलं. पी-शून्य-चारशेवीस.
मी हसलो. तो हसला नाही.

"कन्व्हर्टर गेला म्हणतील सगळे,
नांदेडला पन्नास हजार सांगतील. थांबा."
पडद्यावर दोन रेघा:
पुढच्या सेन्सरची उड्या मारणारी,
मागची तिची हुबेहूब नक्कल.
"हिनं गुमान ऱ्हायला पाहिजे.
मधी धूर गाळायला माणूस बसवलाय ना,
मग हिला काहून एवढी घाई?"

सायलेन्सरच्या तोंडात ओलं फडकं कोंबलं,
गाडीखाली सरकला, कान लावला.
मलाही म्हणाला, ऐका.
फुस्स.
जोडापाशी काजळाचा बारीक ओघळ.

अडीचशेचं गॅस्केट. कोड पुसला.
"मानवतपर्यंत जाऊन या. यायचा असंल तर येईल परत."

मानवत आलं. दिवा नाही.
चहाचे पैसे काढताना
खिशातली टिकली बोटाला चिकटली.
डिंक होता अजून तिला.