पाच मिनिटं

जुलैत हॉस्टेल रिकामं होतं.
मुली घरी जातात, अम्मानला, लाहोरला, कोचीला,
आणि मागे राहतात एकशे अठरा खोल्या,
चाव्यांचा एक जुडगा
आणि मी.

तिकीट महाग होतं म्हणून राहिले.
तासाला वीस दिरहम, वर खोली फुकट.
काम शशीधरन सरांनी दोन शब्दांत सांगितलं:
नळ सोडायचे.

प्रत्येक खोलीत, आठवड्यातून एकदा,
बेसिनचा आणि शॉवरचा, पाच मिनिटं.
पाणी पाइपात नुसतं उभं राहिलं
तर त्यात काहीबाही धरतं, माणसं आजारी पडतात.
वाहून गेलेलं बरं.
मग तक्त्यात वेळ, तापमान, सही.

शारजात उन्हाळ्यात सगळंच उलटं.
गार पाण्याचा नळ चटका देतो,
गच्चीवरच्या टाक्या दिवसभर शिजत असतात,
आणि बंद ठेवलेल्या गीझरमधलं पाणी
माठातल्यासारखं लागतं.
हे मला तोफज्जलभाईंनी शिकवलं.
ते प्लंबर, सिल्हेटचे.
"आमच्याकडे," पान्हा पुसत म्हणाले,
"पाणी न विचारता घरात येतं.
खाटेखाली विटा लावत जायच्या.
पाचवी वीट लागली की शाळेत राहायला जायचं."
मी म्हटलं, आमच्याकडे विचारूनही येत नाही.
ते हसले. मीही.
मग दोघांनी मिळून २०९ मधला वॉशर बदलला.

११४ मध्ये नळाला केसांचं रबर.
१२० मध्ये भिंतीवर पेन्सिलीनं परीक्षेच्या तारखा,
शेवटची सोडून सगळ्या खोडलेल्या.
१३१ मध्ये ऊद अजून पडद्यात बसलाय.
मी कशाला हात लावत नाही.
उभी राहते.
पाणी जाळीत शिरतं,
आधी जरा तांबूस, मग निवळशंख,
आणि निवळशंख झाल्यावरही
साडेचार मिनिटं जातच राहतं.

ती साडेचार मिनिटं माझ्याच्यानं निघत नाहीत.

पहिल्या आठवड्यात मी बादली लावली होती.
काय करू, हात आपोआप गेला.
एक भरली. दुसरी भरली.
मग दोन भरलेल्या बादल्या घेऊन
तिसऱ्या मजल्याच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये
मी उभी,
आणि द्यायला कुणी नाही.
एक निवल्यावर खाली नेली,
चिलरमागे पडून असतात त्या मांजरांसाठी.
दुसरी ओतली.
ओतताना मागे वळून पाहिलं.

मनमाडला कधी अठराव्या दिवशी येतं, कधी विसाव्या.
आई पिंपं भरते, हंडे, कळशा, कुकर,
माझी चौथीतली वॉटरबॅगसुद्धा.
तिला मी सांगितलंय, मेंटेनन्सचं काम आहे.
"म्हणजे नेमकं काय?"
म्हणजे देखभाल, आई.

काल २१४ मध्ये होते, तेव्हा तिचा फोन आला.
मान वाकडी करून खांद्यावर धरला, हातात घड्याळ.
ती सुरेखामावशीच्या सुनेचं काहीतरी सांगत होती,
मध्येच थांबली.
"नळ चालू राहिलाय का गं तुझा?"

बंद करता आला असता.
पण मध्ये तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं,
असा नियम आहे.
मी काही बोलले नाही.
तीही नाही.
तिकडून मालगाडीचा भोंगा,
इकडून पाणी.
किती तरी वेळ आम्ही दोघी ते ऐकत होतो.

मग अगदी हळू,
भिंतीपलीकडच्यांना कळलं
तर रांग लागेल अशा बेतानं,
तिनं विचारलं,
"किती वाजता येतं गं तिकडे?"

घड्याळात अजून एक मिनिट बाकी होतं.