तोतया म्हणून नोंद

थेस्सलोनिकीच्या वाचनालयात, तळघरात,
सूक्ष्मफितीच्या यंत्राची मूठ फिरवताना
स्तामातिया कालूदी तिसऱ्यांदा त्याच वाक्यापाशी थबकली:
"आता पुरे करतो. दिव्यातलं तेल तळाला गेलंय,
आणि मागे बसलेत त्या जाळीवाल्यांना पहाटे उठायचंय."

वर मथळा तांबड्या शाईत. मोठ्या नावाचा.
तेच नाव, ज्याच्या पायरीवर
शतकानुशतकं लोक प्रवचनं ठेवून गेले,
रात्रीच्या अंधारात मूल ठेवून जावं तशी.
पण मोठ्या नावाला तेलाची चिंता
कधी पडली नव्हती.
राजधानीत दिवे सरकारी खर्चानं जळत.

मग हा कोण?
लिकियाच्या किनाऱ्यावरचा, की आणखी वर पोन्तोसकडचा,
मासळीचा वास न सुटणाऱ्या गावातला
कुणी साधा पुरोहित.
देवदूत आणि मुलगी, दोघांचीही बोलणी तोच बोलतो:
"कोण तू? कडी लावलेली होती.
शेजारणी काय म्हणतील? आणि सुतार काय म्हणेल?"
देवदूत अडखळतो. सुरुवात पुन्हा करतो.
"हसू नका," पुरोहित मध्येच म्हणतो,
"सज्ज्यातल्या बायांनो, हसू नका,
तुमच्याकडे आला असता तर तुम्ही केरसुणी उचलली असती."

खांबाला टेकून एक पोरगा
मेणाच्या पाटीवर भराभर खुणा ओरबाडत होता.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं काय गाळायचं ते.
"हसू नका" त्यानं उतरवलं,
केरसुणीही उतरवली.

पाचशे वर्षांनी एका मठात
अकाकिओस नावाच्या लेखनिकापुढे ती पानं आली,
मथळ्याविना, उंदरांनी कडा खाल्लेली.
बेवारस पोथीचं पुढे काय होतं, त्याला ठाऊक होतं:
कातडं खरवडायचं, धुवायचं,
वर ऑलिव्हच्या तेलाचे हिशेब लिहायचे.
त्यानं लेखणी तांबड्या दौतीत बुडवली.
नावाचा शेंदूर फासला
की दगडालाही कुणी लाथ मारत नाही.
खोटं लिहिलं का? लिहिलं.
आणि आज जे उरलंय, ते तेवढ्यानंच.

आता सूचीचा नियम असा,
की मोठ्या नावाआधी "छद्म" जोडायचं.
म्हणजे तोतया.
ज्यानं कधी गादी मागितली नाही,
कुणाची मोहर चोरली नाही,
बोलता बोलता फक्त दिव्याकडे पाहिलं,
तो तोतया.

"तीन प्रवचनं आणि एक लकब,"
प्राध्यापक वेर्गोटिस चष्मा पुसत म्हणाले,
"तेल काय, कुणाचंही संपतं."
ती काही बोलली नाही.
घरी जाताना मात्र बसमध्ये
ओठांतल्या ओठांत त्याला हाक मारून पाहत होती,
कुठलंच नाव बसेना.

मार्चमध्ये चौथं सापडलं.
तेल होतं. जाळीवाले होते.
आणि मधली दोन पानं
शेजारच्या सिनागॉगवर नुसती थुंकलेली.
तोच लयदार आवाज, तीच प्रश्नोत्तरं,
सज्ज्यातून हसूही तसंच येत असावं,
या वेळी तो "हसू नका" म्हणत नाही.

तिनं फीत मागे फिरवली. पुन्हा पुढे.
हात दुसराच असेल, तिला वाटलं.
कुणीतरी नंतर घुसडलं असेल.
शब्दांच्या याद्या काढल्या, अव्ययं मोजली,
वाक्यांच्या शेवटचे आघात मोजले,
रविवारही मोजण्यात गेला.
सगळं जुळत होतं.
तेव्हा तिला अकाकिओस समजला:
आपल्याला हवं ते नाव
पानावर चढवायला हात किती सहज पुढे होतो.

तिनं चारही एकाखाली एक लिहिली.
लेखक: ही जागा कोरी.
काळ: पाचवं शतक, बहुधा.
स्थळ: समुद्राजवळ.
टीप: श्रोत्यांतल्या काहींना
पहाटे उठावं लागे.