ढील

नकाशा माझ्याच हातचा आहे.
एकोणऐंशी साल, पाटबंधाऱ्यांची ट्रेसिंग रूम,
साहेबांच्या विलायती मासिकातलं विमान
मी डब्याच्या सुट्टीत उतरवून घेतलं होतं
शून्य दोनच्या पेनानं,
आणि पेंचच्या कालव्यांच्या गुंडाळीत लपवलं होतं.
निवृत्त झाले तेव्हा गुंडाळी सोबत आली.
कोणी काही विचारलं नाही.

बाल्साचं खोकं आलं मे महिन्यात.
कुरियरच्या पोरानं ते कानाशी हलवून पाहिलं,
म्हणाला, आत काही आहे ना मावशी?

फासळ्या तीस कापल्या, लागायच्या एकोणतीस.
बरं झालं. सतरावी मोडली.
टाचण्या ब्लाउजांच्या,
फळा तोच, ज्याच्यावर पूर्वी धरणं पडून असत,
आणि कूलर बंद, कारण ओल्या हवेत डिंक वाळत नाही.
पंचेचाळीस डिग्रीत मी घाम पुसत बसले,
नकाशावर एक थेंब पडला
आणि माझी जुनी शाई, बेचाळीस वर्षांची,
जरासुद्धा फुटली नाही. उगीच छाती फुगली.

कागद चढवायला शकूरभाई आले,
जुनी शुक्रवारी, पतंगांचं तिसऱ्या पिढीचं दुकान.
त्यांनी माझं नावही विचारलं नाही.
कागद उजेडाला धरला, रेषा कुठून जाते ते बघितलं,
बोटानं लेई ओढली पंखाच्या कडेला,
मग तोंडात पाणी घेऊन फुर्रकन फवारलं.
सगळं लोंबलं, ओल्या फडक्यासारखं.
मी घाबरून गप्प.
ते चहा प्यायले. दोन कप.
मग टिचकी मारली पंखावर
तर डफ वाजला.

रेडिओ त्यांच्या नातवानं बसवला, इमादनं,
नकाशात जिथे मी नुसती मोकळी जागा काढली होती तिथे.
कारण मुळात या विमानाला रेडिओच नव्हता.
सोडायचं, आणि मागून पळायचं,
एवढंच त्या काळी माणसाच्या हातात होतं.

दिवाळीनंतर, कळमेश्वर रोडच्या पुढे,
सोनेगावच्या खऱ्या विमानांपासून लांब,
एका पडीक रानात सकाळी साडेनऊला
रबराचे आठ पट्टे ताणून पंख बांधला,
दोन बोटांच्या टोकांवर तोलून बघितला.
इमादनं धावत जाऊन हातातून सोडलं.

चढलं.
मोटर बंद केली तरी चढलंच.
खालची काळी माती तापू लागली होती,
वर दोन घारी गोल फिरत होत्या, पंख न हलवता,
आणि माझं पिवळं विमान त्यांच्यात तिसरं.
मी काठी खाली दाबली, ते दचकलं,
उजवीकडे ओढली, ते थरथरलं,
प्रत्येक दुरुस्तीनं आणखी बिघडत गेलं.
आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या,
हात हलला की रेघ गेली, एवढं मला येतं.

मागून शकूरभाई, डोळ्यांवर हात धरून:
"काहून ओढून राहिल्या बाई?
ढील द्या ना. त्याला येते."

मी अंगठे उचलले.

ते सरळ झालं. मग स्वतःचं एक मोठं, आळशी वर्तुळ
त्यानं सुरू केलं,
जसं ते मासिकात कुणीतरी आखलं असेल
माझ्या जन्माच्या आधी.
दोन्ही हात मोकळे. काय करायचं त्यांचं, कळेना.

अकरा मिनिटांनी घारींनी जागा बदलली
आणि विमान उतरलं, तुरीच्या शेतात, जवळजवळ चालत.
डाव्या पंखाला एक तुराटी आरपार.

शकूरभाईंनी खिशातून कागद काढला.
पिवळा नव्हता. जांभळा होता, संक्रांतीच्या मालातला.
लेईची डबी उघडत म्हणाले, चालते का?
इमाद हसायला लागला.
मी पंख त्यांच्यासमोर धरला.