नेहमीची ट्यूब

"ती नेहमीची द्या," म्हणतात,
नाव सांगत नाहीत. मीही विचारत नाही.
धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपपाशी आमचं मेडिकल.
रात्री साडेदहाला ड्यूटी संपलेले कंडक्टर येतात,
पट्ट्याखाली बोट घालून खाजवत.
मी ट्यूब काढतो. सुटे नसले
तर खोकल्याच्या दोन गोळ्या.

दोन दिवसांत आराम. खरंच पडतो.
भेलके तर म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे.

मग माझ्याच जांघेत उठलं.
गल्ल्याकडे पाठ करून लावली,
महिनाभर. मग आणखी तीन महिने.
खाज गप्प बसली की नायटा
आतल्या आत पाय पसरतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा खोक्यावर होतं, बारीक अक्षरात,
आणि मी रोज फक्त एक्स्पायरी वाचायचो.
मधे सगळं निवलेलं, काठ पेटलेला,
दरवर्षी गावाबाहेर सरकणाऱ्या
नव्या रस्त्यासारखा.
कातडी इतकी पातळ
की धुतलेला पंचासुद्धा बोचायचा.

ससूनला डॉक्टरीणबाईंनी
काचेच्या पट्टीवर पापुद्रा खरवडून घेतला.
"घरातले टॉवेल वेगळे करा.
ही ट्यूब दिली कुणी?"

रांगेत माझ्या मागे भेलके.

"मेडिकलवाल्यानं," मी म्हणालो.
"कुठल्या?"

खिशात दुकानाची किल्ली होती,
ती मी मुठीत धरली.
भेलके माझ्याकडे बघत नव्हते,
पट्ट्याचं बक्कल सैल करत होते.